विरुद्ध पार्टी खाली राहिली

फारकत झाली मंगळवारी. बुधवारी सकाळी आठ वाजता अक्का कामावर हजर.

नाना दुकानाच्या फळ्या काढत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाला, "मॅनेजर, या बाईंना विचारा, काय पाहिजे."

अक्का तीन हातांवर पायरीशी उभी. तिला सगळं ऐकू गेलेलं. तीपण मलाच म्हणाली, "भाऊ, त्याले सांग. मी नवरा सोडा, भट्टी नही सोडी." आणि पदर खोचून सरळ आत गेली आणि कढईखाली जाळ घातला.

नाना फळी हातात धरून उभा. मला वाटलं, आता ही फळी माझ्याच डोक्यात बसणार. पण त्याने घड्याळ पाहिलं. "आठच वाजले ना? उशीर नाही केला ना? मग ठीक आहे."

असा माणूस होता. त्याच्यावर लिहायला कोणी शिकलेला पाहिजे होता. मी चौथीत शाळा सोडली. पण त्याच्याजवळ एकवीस वर्षं मी काढली, शिकलेल्याने नाही काढली. आणि मी त्याला अरेतुरे करतोय ते कोणी मनावर घेऊ नये. जिवंत होता तोवर तोंड दुखेपर्यंत अहोजाहो केलं. आता पुरे.

जळगावात, जुन्या गावात त्याचं काळ्या मसाल्याचं दुकान होतं. पुढे दुकान, मागे भट्टी, बाजूच्या पत्र्याच्या खोलीत कांडप मशीन, वर माडीवर राहणं. भट्टीवर अक्का, म्हणजे त्याची बायको. मशीनवर मी. ओट्यावर सहा बाया मिरच्यांची देठं खुडायला बसायच्या, त्यात एक माझी. मॅनेजर वगैरे मी कोणी नव्हतो. त्या बुधवारी नवरा-बायको एकमेकांशी बोलेनासे झाले आणि मधे निरोप द्यायला माणूस लागला, म्हणून मी मॅनेजर झालो. पगार तोच राहिला.

नानाचा विश्वास दोन गोष्टींवर. एक शिक्का, दुसरी शिंक.

शिक्का त्याने कोर्टासमोरच्या माणसाकडून करून घेतला होता. "पाहिले. मंजूर." एवढंच त्यावर. तो खिशात, पॅड दुसऱ्या खिशात, आणि दोन्ही खिसे जांभळे. बिलावर मारायचा ते ठीक. पण तो कॅलेंडरवर मारायचा, लग्नाच्या पत्रिकेवर मारायचा, कलिंगड चांगलं लागलं तर कलिंगडाच्या सालीवर मारायचा. एकदा नवीन शाई कशी उठते बघायला माझ्या दंडावर मारला. मी आठ दिवस मंजूर होतो.

शिंकेचं असं. मसाल्याचा कुठलाही घाण, म्हणजे एका वेळचा भाजलेला माल, कढईतून उतरून कांडला की अक्का एक चिमूट झाकणीत घेऊन पुढे यायची आणि नानाच्या नाकाखाली धरायची. तीन शिंका आल्या तर माल एक नंबर, तो बांधून बाहेरगावी जायचा. दोन आल्या तर दुकानात विकायचा. एक आली तर शेवभाजीच्या हॉटेलवाल्याला. शिंकच नाही आली तर घाण फेकून द्यायचा. अक्काच्या हातचा घाण फेकून दिलेला मी पाहिला नाही. गिऱ्हाईक बाया दुकानात आल्या की भाव नाही विचारायच्या, "किती शिंकांचा आहे?" असं विचारायच्या.

आणि हाच माणूस मिरच्यांच्या पोत्यांवर झोपायचा, मशीनखाली डोकं घालायचा, तिथे एक शिंक नाही. आमचे डोळे वाहतायत, बाया पदराने नाक पुसतायत, नाना कोरडा ठणठणीत. म्हणायचा, "मी लहानपणापासून मिरचीत लोळलोय. शिंक काय असते मला माहीतच नव्हतं. पहिली शिंक आली ती..." आणि इथे थांबायचा, शिक्का काढायचा आणि समोर जे असेल त्यावर मारायचा.

भिंतीवर पाट्या लावायचीही खोड होती. आम्ही आठ माणसं आणि पाट्या अकरा. "भट्टीवर गाणे म्हणू नये." ती अक्कासाठी. "देठे खुडताना सासूबद्दल बोलू नये." ती माझ्या बायकोसाठी. "मशीन चालू असताना झोपू नये." ती कोणासाठी ते सांगत नाही.

आता फारकत कशावरून झाली ते सांगतो. लोक म्हणायचे दारू असेल, बाई असेल. काही नव्हतं. पोती होती.

एरंडोलकडच्या एका गावी मिरची घ्यायला दोघं टेम्पो घेऊन गेले. माल भरला, येताना पद्मालयाला गणपतीचं दर्शन घेतलं. अक्का प्रदक्षिणा घालत होती. नाना बाहेर येऊन टेम्पोतली पोती मोजत होता. अकरा भरली, अकरा आहेत. मग काय, चला. थेट जळगाव. माल उतरवला, पुन्हा मोजला, अकरा. हातपाय धुऊन पाटावर बसला तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की वाढायला कोणी नाही.

अक्का एसटीने आली, पिशवीत प्रसादाचा नारळ घेऊन. आम्ही सगळे ओट्यावर होतो, सगळ्यांसमोर तिने नारळ नानाच्या हातात दिला आणि म्हणाली, "मी पोतं असती तं तू माले मोजी लेता."

बस. त्यानंतर वकील केला. नानाने अडवलं नाही. मी विचारलं, "नाना, माफी मागून मोकळं व्हा ना." तर म्हणाला, "माफी कशी मागणार? तिचा मुद्दा बरोबर आहे." अरे, बरोबर आहे म्हणूनच मागायची असते! पण त्याला कोण सांगणार. फारकतीच्या कागदावर सही केल्यावर त्याने खिशातून शिक्का काढला होता, तो वकिलाने वेळेवर धरला.

तर बुधवारी अक्का कामावर आली. गुरुवारी नाना बाजारातून जाडजूड हजेरीबुक घेऊन आला. मला म्हणाला, "मॅनेजर, परवा सकाळपर्यंत ती बायको होती. आता नाही. परक्या बाईकडून बिनकागदाचं काम करून घेणं बेकायदा आहे." आणि त्याने पहिल्या पानावर तिचं नाव लिहिलं, पुढे लिहिलं "भट्टी", त्याच्यापुढे "रुजू तारीख" आणि तिथे कालच्या बुधवारची तारीख घातली.

सहीसाठी मी बुक आत नेलं. अक्का सातवी पास, मला नसतं कळलं ते तिला कळलं. तिने त्या तारखेवर बोट ठेवलं. काळं बोट, तो डाग बुकात शेवटपर्यंत राहिला.

"भाऊ, त्याले विचार, मन्हं अठरा वरीस कोठे गयात?"

मी बाहेर येऊन विचारलं. नाना म्हणाला, "त्यांना सांगा, ते घरकाम होतं. घरकामाला तारीख नसते."

मी आत गेलो. अक्काने उलथनं कढईवर आपटलं. पुढे ती जे बोलली ते माझ्या भाषेत सांगतो, कारण तिच्या भाषेत त्यात शिव्या होत्या. ती म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, अंगाची हळद उतरली नव्हती, सासूने हातात उलथनं दिलं. तेव्हापासून भट्टीवर आहे. त्याला घरकाम म्हणतो काय? बरं, घरकाम तर घरकाम. मग आखाजीला माहेरी का नाही पाठवलं?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खान्देशात बाई दिवाळीला माहेरी नाही गेली तर चालतं, आखाजीला गेलीच पाहिजे. झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस सासर विसरतात. आणि मसाल्याचा सीझन नेमका त्याच उन्हात. अक्काचं माहेर धुळ्याला, एसटीने अडीच-तीन तासांवर. अठरा वर्षांत तिने एक आखाजी पाहिली नव्हती.

"घरच्या बाईला आखाजीला धाडतात," अक्का म्हणाली. "सीझन कोणाला असतो? कामगाराला. तर मी कामगारच होते. त्याला सांग, तारीख बदल. लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची घाल. तोवर सही नाही."

मला विचाराल तर मला तिचं पटलं होतं. पण पोट नानाच्या हातात होतं, म्हणून मी बोललो नाही. माझी बायको बोलली.

मग कागद सुरू झाले. नाना माडीवर बसून लिहायचा, शिक्का मारायचा, पाकीट करायचा आणि मी वाचून दाखवायचो. "आपणांस कळविण्यात येते की..." एवढं अडखळत वाचेपर्यंत कढईतलं खोबरं करपायच्या बेताला यायचं. अक्का म्हणायची, "भाऊ, ठेव तो कागद आन कढई हलव." माझा एक डोळा कागदावर, एक कढईवर. तिसऱ्या कागदात नानाने कळवलं, की हजेरीबुकात सही नसलेली व्यक्ती आवारात आढळल्यास तिला बाहेरची समजण्यात येईल. चौथ्यात तिला बडतर्फ केलं.

अक्का गेली. कुठे गेली? समोरच्या ओट्यावर. तिथेच एका खोलीत ती भाड्याने राहत होती. आणि तिच्यामागे सहाच्या सहा देठं खुडणाऱ्या उठून गेल्या. माझी सगळ्यात पुढे. "माझा नवरा तुमच्याकडे आहे तेवढा राहू द्या," म्हणाली, "त्याचा तसाही उपयोग नाही."

झाला संप. समोर सात बाया, इकडे नाना आणि मी. दहा वाजता नानाने मला चहा घेऊन समोर पाठवलं. "संपवाल्यांना चहा द्यायचा असतो," म्हणाला, "पेपरात वाचलंय मी." बायांनी चहा पिऊन घोषणा दिल्या. घरी माझ्या बायकोने माझ्याशी बोलणं सोडलं. भाकऱ्या झाकून ठेवायची आणि चुलीला सांगायची, "मालकाच्या पार्टीने आपल्या हाताने वाढून घ्यावं." आमच्यात फारकत नव्हती, पण हाल तेच.

तिकडे भट्टीवर नाना स्वतः बसला. धने भाजले, दगडफूल भाजलं, खोबरं काळं केलं, मी कांडलं. झाकणीत चिमूट घेतली आणि माझ्या हातात दिली. "धर."

मी नाकाखाली धरली. काही नाही. त्याने जोरात ओढली. काही नाही. मग डब्यातच तोंड घातलं. बाहेर आला तो नाक काळं, मिशी काळी, शिंक नाही.

"तू घे," म्हणाला.

मी घेतली. मलाही येईना. पण मालकाचं तोंड बघवेना, म्हणून मी एक शिंकलो.

नानाने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मॅनेजर, ही खोटी शिंक होती. पुन्हा अशी शिंकलास तर कामावरून जाशील."

तीन घाण फेकले. चौथा फेकवेना म्हणून विकायला काढला, तर दुसऱ्या दिवशी एक म्हातारी पुडी परत घेऊन आली. "नाना, याच्यात काळेपणा आहे. मसाला कुठाय?"

तोवर अक्काने कामगार ऑफिसात अर्ज केला होता. मोठे साहेब धुळ्याला बसायचे, तारीख धुळ्याची पडली. एकदा साहेब रजेवर, एकदा आम्ही तिघंही चुकीच्या इमारतीत बसलो. तेव्हा साहेबांनी बजावलं, "पुढच्या तारखेला जो येणार नाही तो हरला. मी थांबणार नाही."

धुळ्याला जायचो ते एकाच एसटीने. दुसरी गाडी वेळेवर पोचायची नाही. नाना अर्धा तास आधी जाऊन रुमाल टाकून तीन जागा धरायचा. खिडकीशी अक्का, कडेला नाना, मधे मी. मी दोन्ही बाजूंचा साक्षीदार होतो.

"मॅनेजर, विरुद्ध पार्टीला विचारा, ऊन लागतं का."

"भाऊ, मालकले सांग, लागस."

मग नाना माझ्या अंगावरून वाकून खिडकीला उपरणं बांधायचा. डबा अक्का आणायची. कळण्याची भाकरी, ठेचा. "मालकले दे. भूक्या पोटे खोटं बोलता येत नही." नाना दोन भाकऱ्या खायचा आणि डब्याच्या झाकणावर शिक्का मारायचा.

त्या तिसऱ्या तारखेला गाडी पारोळ्याला थांबली. दहा मिनिटं म्हणून कंडक्टर ओरडला. अक्का उतरली. नाना बसल्या जागी मान उंच करून दाराकडे बघत बसला. पद्मालयानंतर त्याला ही नवीन सवय लागली होती. गाडी कुठेही थांबली की तो मोजायचा. फक्त तीन माणसं, पण बोटांवर. एक, दोन, तीन.

त्या दिवशी काय झालं, कंडक्टरने पाचच मिनिटांत घंटी मारली. गाडी हलली. नानाने मोजलं. एक, दोन. पुन्हा मोजलं. एक, दोन. आणि असा उठला, की माझ्या मांडीवर पाय देऊन, पुढच्या बाईच्या कोंबड्यांच्या टोपलीवरून उडी मारून त्याने घंटीची दोरी धरली आणि ओढतच राहिला.

"थांबवा! गाडी थांबवा! विरुद्ध पार्टी खाली राहिली!"

कंडक्टर धावत आला. "कोण राहिलं?"

"विरुद्ध पार्टी! माझ्यावर केस केलेली बाई!"

"मग बरं झालं ना, बाबा! बसा खाली!"

सगळी गाडी हसली. मी नानाच्या कानाशी लागलो. मीही काही साधू नाही. म्हटलं, "नाना, कंडक्टर बरोबर बोलतोय. ती नाही पोचली तर केस तुमची. साहेब काय बोलले विसरलात? गप बसा."

नानाने माझ्याकडे पाहिलं. एकवीस वर्षांत त्याने मला शिवी दिली ती त्या एका वेळी, आणि ती शुद्ध अहिराणी होती. मग तो चालत्या गाडीतून उतरला, आणि चालत्या गाडीतून उतरणारा जसा पडतो तसा पडला, आणि तिथूनच गाडीपुढे आडवा झाला. ड्रायव्हरने ब्रेक मारला. कोंबड्या सुटल्या.

मागून अक्का येत होती. एका हातात चपला, दुसऱ्या हातात पिशवी, तोंड लाल. तिने नानाला रस्त्यावर आडवा पाहिला. उभी राहिली. म्हणाली, "काय शे हे?" मला नाही, थेट त्याला. फारकतीनंतर पहिल्यांदा.

नाना पडल्या पडल्या म्हणाला, "मोजलं."

ती गाडीत चढून खिडकीशी बसली. नानाचा गुडघा फुटला होता, तो तिने पदर ओला करून पुसला, माझ्या अंगावरून वाकून.

तुम्हाला वाटेल आता दोघं साहेबासमोर जाऊन गोड झाले असतील. छट्! नाना खुर्चीत बसल्याबरोबर पुन्हा मालक. "साहेब, घरकाम होतं. घरकामाला तारीख नसते. कागद दाखवा म्हणावं."

साहेब भला माणूस, घामाने भिजलेला. अक्काला म्हणाला, "बाई, अठरा वर्षं काम केल्याचा पुरावा काय? हजेरी? पावती?"

अक्काने पिशवीतून दोन पुड्या काढल्या. "साहेब, ही त्यानी करेल. ही मी मन्हा खोलीमां तव्यावर करेल. पुरावा त्याना नाकले विचारा."

साहेबाला वाटलं बाईचं डोकं फिरलं. मी उभा राहून शिंकेची सगळी पद्धत समजावून सांगितली. साहेबाने नानाकडे पाहिलं. नाना म्हणाला, "पद्धत बरोबर आहे." खोटं बोलायचा नाही कधी, हीच त्याच्याबरोबर राहण्यातली अडचण होती.

पहिली पुडी नाकाखाली धरली. काही नाही. दुसरी पुडी अक्काने सोडली. आता आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही, की वर पंखा आहे आणि तो पाचावर आहे. आम्ही वर्षानुवर्षं बिनपंख्याच्या जागेत मसाला करणारी माणसं. आमच्याकडे पंखा कोणी लावतच नाही.

पुडी उघडली आणि सबंध ऑफिस काळं झालं. नाना शिंकला, एक, दोन, तीन, चार. साहेब शिंकला. टायपिस्ट बाई शिंकली, शिपाई शिंकला, शेजारच्या खोलीत कोणाचा तरी चष्मा पडल्याचा आवाज आला. "बाहेर!" साहेब ओरडला. "सगळे बाहेर!"

अंगणात लिंबाच्या झाडाखाली सगळी सुनावणी उभी राहिली. साहेबाचे डोळे गळतायत, टायपिस्ट बाई मशीन उचलून घेऊन आलेली. नानाची शिंक थांबेना. साहेबाने नाक पुसत विचारलं, "अहो, हे असं तुमचं किती वर्षांपासून आहे?"

"अठरा," नाना म्हणाला. शिंकला. "लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. तिने पहिला घाण काढला, झाकणीत आणून धरला, आणि मला शिंक आली. जन्मातली पहिली."

मग त्याचं त्यालाच ऐकू गेलं.

साहेब टायपिस्ट बाईला म्हणाला, "बाई, हे घ्या लिहून."

नेमणुकीचं पत्र नानाने चार दिवसांनी दिलं. दिलं म्हणजे रजिस्टर पोस्टाने धाडलं, पोचपावतीसकट. समोरच्या ओट्यावर. पोस्टमन शिव्या देत गल्ली ओलांडून गेला. "भट्टीप्रमुख. रुजू तारीख" आणि पुढे लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, आणि त्याखाली शिक्का तीनदा. अक्काने ते काचेत घालून भट्टीवर टांगलं. दोन महिन्यांत धुराने इतकं काळं झालं, की एक अक्षर दिसेना. पुसायची नाही. म्हणायची, "माले माहीत शे काय लिखेल शे."

त्याच वर्षी आखाजीच्या आधी तिने अर्ज टाकला. चार दिवस रजा मिळणेबाबत. सीझन ऐन रंगात. नानाने दिवसभर अर्ज खिशात घेऊन फेऱ्या मारल्या, मग मारला शिक्का. स्टँडवर सोडायला गेला, खिडकीशी रुमाल टाकला आणि गाडी हलेपर्यंत बोटावर मोजत उभा राहिला. एकच माणूस, पण मोजत होता. आल्यावर दुकान बंद ठेवलं. पाटी लावली, "शिंक रजेवर आहे."

अक्काने जाण्याआधी एक काम केलं. सहाही देठवाल्या बायांना दोन-दोन दिवस रजा मंजूर करून घेतली. माझी बायको माहेरी गेली आणि दोनाच्या जागी पाच दिवसांनी आली, पायाला झोक्याची दोरी घासून सालटं निघालेलं. तिला इतकं हसताना मी लग्नात पाहिली नव्हती. मी रागावलो, म्हटलं, तीन दिवस बिनपगारी जातील. ती म्हणाली, "जाऊ द्या. तुमचे नाही ना जात."

लोकांनी नानाला पुष्कळ सांगितलं, आता पुन्हा लग्न करून टाका. नाना कानांना हात लावायचा. "कामगाराशी मालकाचं लग्न? शिस्तीत बसत नाही." अक्का आतून ओरडायची, "भाऊ, त्याले सांग, मन्हीबी मंजुरी नही." ती समोर राहिली, तो माडीवर राहिला. तिची अठ्ठावन्न पुरी झाली तेव्हा नानाने नियमाने तिला निवृत्त केलं. शाल, नारळ, भाषण. भाषणात रडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता अक्का कामावर हजर. नानाने घड्याळ पाहिलं.

नाना गेला तेव्हा डॉक्टरच्या आधी अक्का माडीवर पोचली. आम्ही मागून चढलो. ती त्याच्या उशाशी बसली होती, हातात झाकणी. त्याच्या नाकाखाली धरली. आम्ही सगळे उभे. एक देठवाली शिंकली, दुसरी शिंकली. अक्काने झाकणी खाली ठेवली आणि म्हणाली, "गया."

दुकान पुढे बंद झालं. अक्का धुळ्याला गेली. जाताना शिक्का मला देऊन गेली, "मॅनेजर, तू ठेव," म्हणाली.

आता शेवटचं. माझी बायको यंदा आखाजी झाल्यावर गेली. नगरपालिकेत मृत्यूची नोंद करायला मीच गेलो, दुसरं कोण आहे. कारकून पोरगा बरा होता. नाव विचारलं, वय विचारलं. मग म्हणाला, "बाबा, त्या काय करायच्या?"

मी म्हटलं, "काही नाही. घरीच."

त्याने लिहिलं, गृहिणी. एक प्रत मला दिली. मी जिना उतरलो. शेवटच्या पायरीवर मला नानाचा आवाज ऐकू आला, घरकामाला तारीख नसते. मी स्वतःला एक शिवी घातली. गुडघे धरून पुन्हा वर चढलो.

"खोड ते," म्हटलं. "मिरची कामगार लिही. देठं खुडायची. एकवीस वर्षं. अंगठ्याचं नख कधी पुरतं वाढलं नाही तिचं. डोळ्यांत पाणी आलं तर हाताने पुसता यायचं नाही, दंडाने पुसायची."

"बाबा, नोंद झाली. आणि पुरावा लागतो. पुरावा आहे का काही?"

मी वर पाहिलं. पंखा होता. पाचावर होता. पण पुडी कुठून आणू?

घरी आलो. ती प्रत पाटावर पसरली आणि गृहिणीच्या खाली मीच लिहिलं, मिरची कामगार. अक्षर वाकडं आलं. मग लिहिलं, रुजू तारीख. लग्न होऊन आली त्यानंतर मीच तिला हाताला धरून त्या ओट्यावर नेऊन बसवली होती. तारीख किती डोकं खाजवलं तरी आठवेना. वार आठवला. सोमवार. तर सोमवार लिहिलं.

पत्र्याच्या पेटीतून नानाचा शिक्का काढला. पॅड कधीचं वाळून खडा झालेलं. थुंकी लावली, घासलं आणि दाबला.

मंजूर उठलंच नाही. पाहिले, एवढंच उठलं. तेपण फिकट.

मी पुन्हा दाबला नाही.